सातव्या होलवरची शीळ

“आजोबा, थांबा!”

झिपरी ओरडली खरी, पण उशीर झाला होता. आजोबांची स्टिक सप्पकन फिरली, चेंडू टेकाडावरून पलीकडे गेला आणि पाठोपाठ तिकडून किंकाळी आली!

तिघंही मुलं धावत सुटली. पुढे झिपरी, तिच्यामागे तिचा आतेभाऊ शंकासुर आणि सगळ्यांत शेवटी झिपरीचा धाकटा भाऊ शेपूट. सुट्टीत आजोबांकडे यायचं आणि गोल्फ शिकायचं, असा तिघांचा बेत होता. पहिल्याच आठवड्यात एखाद्याचा जीव घ्यायचा, असा मुळीच नव्हता!

सातव्या होलची गोची अशी, की जिथून चेंडू मारायचा तिथून झेंडा दिसतच नाही. मध्ये टेकाड आडवं येतं. पलीकडे बारीक कापलेली हिरवळ, हिरवळीत भोक, भोकात झेंडा. आणि आत्ता झेंड्याशेजारी कान धरून बसलेल्या डॉक्टरीणबाई!

“कानाला वारा लागला त्या चेंडूचा!” त्या म्हणाल्या. “मी इथून हललेही नव्हते. आम्ही घंटा वाजवेपर्यंत थांबायचं, हे तुम्हाला मी सांगायला हवं?”

आजोबा धापा टाकत पोचले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मी शीळ ऐकली,” ते म्हणाले. “आधी खालचा सूर, मग वरचा. मोकळं झाल्याची शीळ. हात आपोआपच फिरला.”

ती शीळ कुणाची, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. पोस्टमास्तरकाकांची! ते आणि आजोबा वर्षानुवर्षांचे जोडीदार. पोस्टमास्तरकाका पुढे जाऊन टेकाड चढायचे, हिरवळ रिकामी दिसली की शीळ घालायचे आणि मग आजोबा चेंडू मारायचे. पण पोस्टमास्तरकाका गेल्या वर्षीच वारले होते. ते गेल्यानंतरच इथे घंटा टांगली होती.

तेवढ्यात बॅटरीवरची छोटी गाडी झुलत झुलत आली. कानाला फोन लावून एका हातानं गाडी हाकणारे गृहस्थ म्हणजे मैदानाचे मॅनेजर.

“नंतर बोलतो,” ते फोनवर म्हणाले आणि आजोबांकडे वळले. “वय झालं की कान वाजतात, काका. आज कान वाजले, उद्या कुणाची कवटी वाजेल! रविवारी समिती तुमचा पास रद्द करेल, असंच समजा.”

आजोबांनी वाद घातला नाही. खिशातून पास काढला आणि स्वतःच मॅनेजरांच्या हातावर ठेवला. झिपरीला ते बघवेना.

घरी आल्यावर आजोबा गॅलरीत बसून राहिले. समोर मैदान दिसत होतं, म्हणून त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली.

“आजोबा, खरंच ऐकलीत शीळ?” झिपरीनं हळूच विचारलं.

“आज पहिल्यांदा नाही गं. पंधरवडा झाला, संध्याकाळचा वारा सुटला की ऐकतोय. आज वारा दुपारीच सुटला.” आजोबांचा आवाज खोल गेला. “एक तर माझं डोकं चळलंय, नाही तर तो मला बोलावतोय. दोन्हींत खेळ संपलाच की!”

आजोबांच्या ताटातली पोळी तशीच राहिली होती. मैदानाशिवाय आजोबा म्हणजे... नाही! झिपरीला पुढचा विचारच करायचा नव्हता.

“चला,” जिन्यात येताच ती म्हणाली. “भूत बघायला जायचंय.”

“मला एक शंका आहे,” शंकासुर म्हणाला. “भूत उजेडात कसं येईल?”

“तुला भुताचं वेळापत्रक पाठ आहे का रे?”

“मी नाही येत,” शेपूट म्हणाला.

“मग घरी एकटा थांब.”

“मी आलोच!”

ऊन कलत होतं. मैदानाभोवतीच्या इमारतींच्या सावल्या गवतावर आडव्या पसरल्या होत्या. गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे माणसं उभी असल्यासारखे हलत होते. शीळ ऐकल्याची कुजबुज आधीपासूनच होती, त्यामुळे संध्याकाळी सहाव्या होलवरून लोक सरळ आठव्याकडे जायचे. सातव्यावर चिटपाखरू नव्हतं. घंटा नुसती लोंबकळत होती.

तिघं टेकाडावर पोटावर पडून राहिली. खाली हिरवळ, झेंडा आणि शांतता.

“काही नाही बघ,” शंकासुर कुजबुजला. “मी म्हटलंच—”

फूऽऽ... ईऽऽ!

आधी खालचा सूर, मग वरचा. अगदी आजोबांनी सांगितली तशी!

शेपटानं झिपरीचा दंड इतका आवळला, की तिचे डोळे पाण्यानं भरले. हिरवळीवर कुणीही नव्हतं. झाडामागे नव्हतं, वाळूच्या खड्ड्यात नव्हतं. आणि शीळ मात्र पुन्हा आली, जवळून, जणू कुणीतरी त्यांनाच बघून घातली होती.

“पळा!” शंकासुराच्या सगळ्या शंका एका क्षणात फिटल्या होत्या.

झिपरीचेही पाय पळायलाच निघाले होते. पण भिंतीकडे वळवलेली ती खुर्ची तिच्या डोळ्यांपुढे आली. ती उठली आणि उतारावरून खाली निघाली. झेंड्याजवळ जाऊन तिनं हात जोडले.

“पोस्टमास्तरकाका,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “तुम्हाला एकटं वाटत असेल, कळतंय मला. पण आमच्या आजोबांना इतक्यात नका ना नेऊ! मला अजून नीट स्टिकसुद्धा धरता येत नाही हो!”

फूऽऽ... ईऽऽ! थेट कानात!

“आई गं!” झिपरीनं आधारासाठी झेंड्याचा दांडा पकडला, दांडा भोकातून उपसून आला आणि ती झेंड्यासकट धाडकन उताणी पडली.

शीळ थांबली.

झिपरी पडल्या पडल्या आकाशाकडे बघत राहिली. गालावर वारा लागत होता. वारा होता, पण शीळ नव्हती! तिनं आडवा पडलेला दांडा हळूच उभा केला.

फूऽऽ... ईऽऽ!

आडवा केला. गप्प. उभा केला. शीळ!

“ए भित्र्यांनो!” ती किंचाळली. “भूत माझ्या हातात आहे! लवकर या!”

शंकासुरानं दांडा खालपासून वरपर्यंत तपासला. “बाकीचे झेंडे भरीव दांड्यांचे आहेत. हा पोकळ आहे, लोखंडाचा नळ! आणि ही बघ, स्क्रूची भोकं. वारा ह्यांतून घुसतो, म्हणून सूर निघतो. वारा वाढला, की सूर चढतो.”

“आणि ही अंगठी कुणाची?” शेपटानं विचारलं. दांड्यावर एक कडी अडकली होती, तीही वरून पांढऱ्या रंगानं रंगवलेली.

“पडद्याची कडी,” झिपरी सावकाश म्हणाली. “म्हणजे हा...”

तिघं क्लबहाऊसकडे पळाली. सगळ्या खिडक्यांचे पडदे दांड्यांवर होते. कोपऱ्यातल्या खिडकीचा मात्र सुतळीवर!

“एकच पडदा वाळत का घातलाय?” शेपूट म्हणाला, आणि दोघांनी त्याला एकदमच मिठी मारली.

रविवारी समिती बसली. मधोमध डॉक्टरीणबाई, बाजूला मॅनेजर, समोर खाली मान घालून आजोबा. झिपरी झेंडा घेऊन आत शिरली, तशी मॅनेजरांची भुवई वर चढली.

“हे काय? पोरांनी खेळायची वस्तू आहे का ती?”

“नाही हो, सर!” झिपरी गोड हसली. “इतका सुंदर झेंडा कुठे मिळाला, तेवढंच विचारायचं होतं.”

मॅनेजर जरा फुलले. “खास मागवलाय. परदेशी बनावटीचा.”

“मग पडद्याची कडीसुद्धा परदेशी असेल,” शंकासुर म्हणाला. “मला आपली एक शंका!”

झिपरीनं कोपऱ्यातला उभा पंखा दांड्याकडे वळवला आणि बटण दाबलं.

फूऽऽ... ईऽऽ!

आजोबांनी झटकन मान वर केली. डॉक्टरीणबाईंचा हात आपसूक कानाकडे गेला. दाराशी उभ्या असलेल्या माळीकाकांच्या हातून चहाचा कप निसटला.

“मी सांगतो बाई!” माळीकाका घाईघाईनं म्हणाले. “साहेब फोनवर बोलत होते आणि गाडी थेट झेंड्यावर घातली. दांड्याचे दोन तुकडे! वर म्हणाले, पडद्याचा काढ, रंग मार, कुणाला कळतंय? मारला मी रंग. चुकलंच माझं.”

“म्हणजे,” डॉक्टरीणबाई मॅनेजरांकडे वळल्या, “माझा कान जाणार होता तो तुमच्या फोनपायी, आणि बोल ह्यांच्या वयाला?”

मॅनेजरांच्या गाडीची किल्ली माळीकाकांकडे गेली, नवा दांडा त्यांनी पदरचे पैसे घालून आणायचा ठरला आणि आजोबांची माफी तर त्यांनी तिथल्या तिथे मागितली, पासही परत दिला.

“आमच्यासारख्या मोठ्यांनी भुताच्या नावानं रस्ता बदलला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणि ही पोरं मात्र सरळ भुताला जाऊन भिडली. शाबास रे तुमची!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेपटानं कमरेत वाकून दोनदा नमस्कार केला.

आजोबा मात्र पंख्यासमोरच्या दांड्याकडे एकटक बघत होते. आजोबांचं डोकं ठिकाणावर आहे, हे झिपरीनं सिद्ध केलं होतं. पण तसं करताना पोस्टमास्तरकाकांना तिनं पुन्हा एकदा हिरावून नेलं होतं.

“आजोबा... रागावलात?”

आजोबांनी पंखा बंद केला. शीळ विरत गेली.

“अगं, जिवंतपणी पठ्ठ्यानं कधी वेळेवर शीळ घातली नाही,” ते म्हणाले. “टेकाडावर जायचा आणि ढग बघत बसायचा. मला वाटलं, मेल्यावर तरी सुधारला!”

आणि ते खदाखदा हसत सुटले. हसता हसता डोळे पुसू लागले, पुसता पुसता पुन्हा हसू लागले. झिपरी त्यांना बिलगली.

नवा भरीव दांडा बसला, त्याच संध्याकाळी आजोबा सातव्या होलवर उभे होते. झिपरी टेकाडावर चढली. खाली हिरवळ रिकामी होती. वारा होता, पण नव्या झेंड्यातून चकार शब्द येत नव्हता. तिला क्षणभर त्या शांततेचंच भय वाटलं. ढग मात्र छान तांबूस झाले होते. ती ते बघत राहिली.

“अगं ए बयो!” टेकाडापलीकडून आजोबांची हाक आली. “मारू की घरी जाऊ?”