हे बरं, की हे?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघालेली मी मजला चुकले आणि काठापदराची साडी सावरत भलत्याच घरात शिरले. आत दहा-बारा पुरुष कानांवर वाटीएवढे हेडफोन चढवून, डोळे मिटून बसलेले. कुणी गेलंय की काय, असं वाटून मी मागे फिरणार, तोच घरमालक काका ओरडले, “या, या! नवे कान आले!”

नाशिकच्या गंगापूर रोडवरची ही गाण्याच्या आवाजाची हौशी मंडळी. असले भारी हेडफोन नुसत्या मोबाईलवर खुलत नाहीत, त्यांना जोर द्यायला छोटा अ‍ॅम्प लागतो. दोन अ‍ॅम्प जोडायचे, खटका फिरवून ताडून बघायचे, हा त्यांचा रविवार. खटक्याजवळच्या मुलाने उठून माझ्या कानांवर हेडफोन ठेवले... गजरा चुरगळू नये म्हणून केवढी काळजी घेतली त्याने!

“हे बरं—” खट्. “की हे?”

मला हसूच आलं. मी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचा नंबर काढते. दिवसभर काचा बदलत हेच तर विचारत असते! आणि लोक हमखास म्हणतात, ‘पहिलं परत दाखवा.’

“दोन्ही सारखेच,” मी म्हणाले.

काका कळवळले. “अहो, पहिल्यात गोडवा आहे, दुसऱ्यात मोकळेपणा!” बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या मुलाने मात्र खटका उघडून पाहिला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

“काका... खटका अडकलाय. सकाळपासून आपण एकच अ‍ॅम्प ऐकतोय.”

तो माझ्याकडे बघून हसला. त्याचं नाव विश्वेश.

मग काय! अंबडच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून तो घरी अ‍ॅम्प बनवायचा, आणि नवा झाला की मला बोलावणं यायचं. “हर्षाली, तुझ्या कानांना खोटं बोलता येत नाही,” म्हणायचा. नंतर आम्ही मिसळ खायला जायचो. लिंबाची फोड तो आधी माझ्या ताटलीत पिळायचा, आणि माझा घास तसाच हातात राहायचा.

श्रावणात त्याने पंचवटीतल्या घरी बोलावलं. बाहेर रिपरिप, आत त्याच्या आईच्या वेलदोड्याच्या चहाचा वास. टेबलावर दोन अ‍ॅम्प होते. एक काकांकडून आणलेला महागडा परदेशी, दुसरा त्याचा स्वतःचा, आणि मधे काकांकडचाच तो खटका.

“बेंगळुरूची एक कंपनी बोलावतेय,” तो नजर चुकवत म्हणाला. “माझा याच्या तोडीचा असेल तरच जाईन. नाहीतर अंबड आहेच.”

खट्. खट्. तीच तान, तोच श्वास. तसूभरही फरक नव्हता. म्हणजे तोडीस तोड. म्हणजे... हा जाणार.

“तुझा जरा... कोरडा वाटतो रे.”

त्याचा चेहरा एवढासा झाला. वायर काढायला त्याने हात घातला—आणि थबकला.

“हर्षाली, गडबडीत मी माझा अ‍ॅम्प चालूच केला नाही. आणि हा खटका पुन्हा अडकलाय. दोन्ही वेळा तू परदेशीच ऐकलास.” तो माझ्याकडे बघत राहिला. “मग कोरडं काय वाटलं?”

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होते. “तू गेल्यावरचं नाशिक,” शेवटी बोलून गेले.

त्याने खटका सोडवला, अ‍ॅम्प चालू केला, हेडफोन पुन्हा माझ्या कानांवर ठेवले. या वेळी फरक होता. गाणारी बाई जणू शेजारी येऊन बसली. माझे डोळेच भरून आले.

“तुझाच बरा, विश्वेश. कितीतरी बरा... तू जा.”

त्याने हेडफोन काढले. बोटं माझ्या केसांपाशी जरा रेंगाळली.

“आता शेवटचं. मी एकटाच जातो—” त्याने हवेतच खटका फिरवला. “की आधी तुझ्या आईबाबांना भेटतो, आणि तुला घेऊनच जातो? चष्मे तिकडच्या लोकांनाही लागतात. हे बरं, की हे?”

“दुसरं,” मी म्हणाले. “आणि पहिलं परत दाखवूसुद्धा नकोस.”