सात मैलांच्या नाल्यातला म्हातारा

आधीच सांगते, यातलं एक अक्षरही माझ्या मनाचं नाही. लिनेट माझी सख्खी मामेबहीण. तिच्या रेडिओतला तो आवाज मी या कानांनी ऐकलाय...

फेब्रुवारीतला गुरुवार, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा. भर दुपार. आमच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या या आतल्या भागात त्या वेळी मेंढरंसुद्धा सावली सोडत नाहीत. लिनेटचा नवरा नेव्हिल जुनी पिकअप घेऊन सात मैलांवरच्या कोरड्या नाल्याकडे पाण्याची टाकी बघायला गेला होता.

त्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचा मागचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा, महिनाभर खडखडत होता. टोकाचा जॉइंट पार झिजलेला.

"बदल रे एकदाचा," लिनेट म्हणायची.

"अगं, ही म्हातारी मला पुरून उरेल," नेव्हिल हसायचा.

लिनेटला हसू यायचं नाही. तिचे बाबा, माझे क्लॅरीमामा, त्याच नाल्यात असेच अडकले होते. असाच जॉइंट तुटून.

आमच्याकडे पोर चालायला लागलं की पहिली गोष्ट शिकवतात: गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. आम्हाला ती मामांनीच शिकवली. तरी मामा गाडी सोडून गेले. पाण्याचा कॅन सीटवर तसाच भरलेला होता.

मामा कधीच सापडले नाहीत.

तीनच्या सुमारास घरातला वायरलेस रेडिओ खरखरला; गाडीतल्या रेडिओवरून नेव्हिल बोलत होता.

"लिन... तुटला बघ जॉइंट. नाल्यातच."

तिनं माइक जवळ ओढला.

"शाफ्ट काढून टाक. पुढच्या चाकांवर घेऊन ये गाडी."

"तेच करतोय, मास्तरीणबाई!"

पान्याचा आवाज. एक शिवी. पुन्हा पाना.

मग सगळं थांबलं...

"नेव्ह?"

"अगं, कुणीतरी येतंय. नाल्यातून. चालत."

त्या बाजूला माणसाची वस्तीच नाही.

"म्हातारा आहे कोणी. जॉइंट आहे म्हणतो त्याच्याकडे, वळणापलीकडे. जाऊन येतो."

"गाडी सोडू नकोस!"

"अगं, पाच मिनिटांचं काम..."

"नेव्ह, त्याच्याजवळ पाणी आहे?"

"...नाही."

"डोक्यावर टोपी?"

नेव्हिलचा आवाज एकदम बारीक झाला. "नाही. लिन... त्याला घामसुद्धा आलेला नाही."

"त्याच्याकडे बघू नकोस. बोल्ट बघ. मी बोलतेय ना, तू फक्त ऐक."

ती बोलत राहिली. ओव्हनमधल्या मटणाबद्दल, कुत्रीच्या पिल्लांबद्दल, तोंडाला येईल ते. तिनं तोंड थांबवलं नाही. मधूनमधून रेडिओत ऐकू यायचं...

टक... टक... टक.

कुणीतरी गाडीच्या पत्र्यावर बोटं वाजवत होतं.

शेवटी इंजिनाचा आवाज आला.

दिवस मावळताना नेव्हिल घरी पोचला. मागे हौद्यात शाफ्ट पडलेला, चेहरा पांढराफटक. दोघं टेबलापाशी बसली.

आणि रेडिओ खरखरला.

"लिन..."

नेव्हिल तर समोर बसला होता.

"जॉइंट तुटलाय गं. एक म्हातारा आलाय... आहे म्हणतो त्याच्याकडे. जाऊ का?"

बाबांचा आवाज! वीस वर्षांनी!

तिनं झडप घालून माइक उचलला. "नका जाऊ, बाबा! गाडीपाशीच थांबा!"

खरखरीतून उत्तर आलं.

"बरं, पोरी."

लिनेट हमसून हमसून रडली.

नेव्हिलनं दुसऱ्याच दिवशी नवा जॉइंट बसवला. गाडी आता लोण्यासारखी चालते. पण दर गुरुवारी तोच आवाज, तोच प्रश्न. लिनेट गुरुवारी घर सोडत नाही. ती उत्तर द्यायला नसली, आणि बाबा निघालेच, तर?

गेल्या गुरुवारी मी तिच्या शेजारी बसले होते. तिनं नेहमीसारखं सांगितलं, "गाडीपाशीच थांबा."

"बरं, पोरी."

मग पत्र्यावर टक... टक... टक. आणि मामा पुन्हा बोलले, हळू...

"तो म्हणतो, मग जॉइंट तूच घेऊन ये, पोरी."

लिनेटनं माइक खाली ठेवला. तिच्यासमोर टेबलावर एक कोरा करकरीत जॉइंट होता, खोक्यासकट. नेव्हिलच्या गाडीला तर नवा कधीच बसलाय.

हा कुणासाठी, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

निघताना पिकअपची किल्ली मात्र मी गुपचूप खिशात घातली. ती अजून माझ्याकडेच आहे.

उद्या गुरुवार.