खोक्यातली वाळू

पाव भाजून झाले की त्याच ओव्हनमध्ये वाळू जायची. त्या वर्षी ब्रॅडफर्डच्या आमच्या स्वयंपाकघराला पावाचाही वास होता, समुद्राचाही.

क्लिफर्ड, माझा नवरा, गिरणी सोडून घरीच लाऊडस्पीकर बांधू लागला होता. तबकडीत जसं गायलंय तसंच घरात ऐकू यावं, एवढंच त्याचं वेड. पण स्पीकरच्या खोक्याचं लाकूड थरथरतं आणि सुरात आपला सूर मिसळतं. म्हणून तो खोक्याची प्रत्येक फळी दुहेरी, आतून पोकळ करायचा आणि त्या पोकळीत वाळू ठासायचा. मग टिचकी मारली तरी लाकूड मुकं. वाळू मात्र कोरडी हवी, पिठासारखी. या खेपेची त्यानं मोरकॅम्बच्या किनाऱ्यावरून आणली होती, ओहोटीत मैलोन्‌मैल उघडी पडते आणि भरतीला पळायलाही वेळ देत नाही, तिथली.

शनिवारी दुकानदार थ्रेलफॉलसाहेब ऐकायला येणार होते. त्यांनी स्पीकर घेतला तर ठीक, नाहीतर सोमवारी पुन्हा गिरणी.

"मुकादम विचारेल, काय रे, वाजलं का तुझं कपाट?" क्लिफर्ड म्हणाला.

"कपाटच असतं तर माझी भांडी तरी मावली असती," मी म्हटलं.

स्पीकर सकाळी झऱ्यासारखा गायचा. दुपारी त्याच गाण्यावर ओलं कांबळं पडायचं. मी फळीवरून हात फिरवला. गार लागली. बोट जिभेला लावलं, खारट.

क्लिफर्डनं फळी उघडली, वाळू भाजली, पुन्हा भरली. ओल उतरायची आणि परत चढायची.

"भरती आली असेल," मी थट्टेनं म्हटलं. समुद्र तर डोंगरांपलीकडे.

तो हसला नाही. "नोरा, मलाही तसंच वाटतं."

शुक्रवारी सकाळीच तो पोतं घेऊन निघाला.

"इथल्या नदीची आण ना रे."

"ती भरड असते गं. किनाऱ्याच्या वरच्या अंगाची आणतो, पाणी न लागलेली. चहाच्या वेळेला घरी."

दुपारी वाटलं, तो येईपर्यंत निदान एक फळी रिकामी करून ठेवावी. टेबलावर आडवी ठेवून तिचे स्क्रू काढले. वरचं लाकूड उचललं.

आतल्या वाळूवर लाटांच्या वळ्या होत्या, पाणी नुकतंच ओसरल्यासारख्या.

वळ्यांवरून पावलं डावीकडून उजवीकडे गेली होती. जवाच्या दाण्याएवढी, बुटांची. शेजारून एक रेघ, भरलेलं पोतं ओढत नेल्यासारखी.

फळीच्या मध्यावर पावलं संपत होती.

मी बघत असतानाच पुढचं पाऊल उमटलं.

माझ्या बाजूच्या कडेकडून पाणी वाळू काळसर करत आत सरकत होतं.

"क्लिफर्ड," मी वाकून हळूच म्हटलं, "मागे फिर."

पाऊल थांबलं.

मग वळलं, माझ्या आवाजाच्या रोखानं, पाण्याकडे.