आठ दात

ही घटना खरी आहे. पटो न पटो, ज्या घरात घडली त्या घरातला चहा मी प्यायलेय. माझ्या मावसबहिणीचं घर. वयाने मोठी म्हणून ताई. नावं घालू नकोस म्हणाली, म्हणून घालत नाही.

शनिवार होता. दुपारचे सव्वातीन. घरामागचं सिमेंटचं अंगण, रस्त्याच्या बाजूला उतरतं. तिथे नवऱ्याची जुनी पिकअप उभी. ताई दोरीवरचे कपडे काढत होती, दीड वर्षाची छकुली चिमट्यांशी खेळत होती.

आणि गाडीखालून आवाज आला...

टिक.

जरा थांबून... टिक.

ताईच्या हातातली चादर तशीच राहिली. तो आवाज तिला पाठ होता.

म्हातारे मिस्त्री याच अंगणात मागचे ब्रेक सेट करायचे. चाकामागच्या पत्र्याला एक भोक असतं, त्यावर रबरी बूच. बूच काढून चपटा स्क्रू ड्रायव्हर आत घालायचा आणि दातेरी चक्री एकेक दात फिरवायची. चाक हाताने हलेनासं झालं की आठ दात मागे.

"आठच, वहिनी," ते म्हणायचे. "सात केले तर चाक तापतं. जास्त केले तर गाडी मालकाचं ऐकत नाही."

ताईने मोजले. आठ झाले...

नऊ...

दहा.

तिने वाकून पाहिलं. खाली कोणी नव्हतं.

रबरी बूच मात्र जमिनीवर पडलं होतं.

मिस्त्रींना जाऊन दोन महिने झाले होते. याच गाडीखाली गेले ते. हे काम करताना हँडब्रेक सोडावा लागतो, नाहीतर मागचं चाक फिरतच नाही. मग गाडी अडवतो तो फक्त पुढच्या चाकाखालचा लाकडी ठोकळा. त्या दुपारी वाऱ्याने फाटक आपटत होतं, छकुली झोपेतून दचकत होती. नवऱ्याने ठोकळा काढून फाटकाला लावला. दोनच मिनिटांसाठी.

गाडी जॅकवरून घसरली.

चौकशीला आलेल्यांना तो म्हणाला, "प्यायला होता हो. ठोकळा लावायलाच विसरला."

मिस्त्रींनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. फाटकाखालचा ठोकळा ताईने पाहिला होता. पदरात पोर आहे, म्हणून ती गप्प बसली. मिस्त्रींच्या बायकोला लोक दारुड्याची बायको म्हणू लागले, तेव्हाही.

त्या शनिवारी संध्याकाळी नवरा म्हणाला, "पेडल पार खाली जातंय."

ताईने आवाजाचं सांगितलं.

"उंदीर असेल."

"उंदीर बूच काढतो?"

"तू जरा जास्तच शिकलीस."

त्याने ब्रेक आवळले. दुसऱ्या दुपारी पुन्हा... टिक.

मग ताई रोज सांगायची, "आज आवाज आलाय, गाडी काढू नकोस." एकदा न ऐकता गेला आणि विजेच्या खांबावर आदळला. कपाळाला पाच टाके.

टाके काढायला तिघंही त्याच गाडीतून गेले. ताई जीव मुठीत धरून बसली होती. पण जाता-येता ब्रेक कचकन लागले.

घरी आल्यावर नवरा छकुलीकडे बराच वेळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तिला तयार कर. माल पोचवून येतो."

"माल पोचवायला पोरगी कशाला?"

"ती असली की ब्रेक लागतात. एवढं कळतं मला."

"अरे, मुलगी आहे ती तुझी. ठोकळा नाही."

"मग काय घरी बसून राहू?"

"मिस्त्रींच्या बायकोकडे जा. खरं काय ते सांग. मी येते बरोबर."

"त्याने काय म्हातारा परत येणार आहे?"

त्याने छकुलीचा दंड धरून ओढला. ती कळवळून रडली. ताईने तिला हिसकावून कडेवर घेतलं. तो शिव्या देत एकटाच गाडीत बसला. इंजिन सुरू झालं.

आणि गाडीखालून...

टिक. टिक. टिक.

आठ... बारा... सतरा...

थांबेचना.

इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू जात नव्हतं. ताईला जात होतं.

रोज सांगायची ती.

त्या दिवशी तिने सांगितलं नाही.

उताराच्या शेवटी वळण आहे. तिथल्या भिंतीने गाडी थांबवली. तो वाचला, पण कंबरेखाली काही हलत नाही. गॅरेजवाल्याने मागचे ड्रम उघडून पाहिले. म्हणाला, "ब्रेकमध्ये दोष नाही, ताई. बरोब्बर आठ दात सैल आहेत. इतकं नेटकं काम हल्ली कोण करतं?"

गाडी भंगारात गेली. परवा फोनवर मी विचारलं, "हे लिहू का गं?"

"लिही. पण हेही लिही, की तेव्हा माझं तोंड कुणी दाबलं नव्हतं."

मी विचारलं, "मिस्त्रींच्या बायकोकडे गेलीस का?"



"हळू बोल," ती म्हणाली. "छकुली आत्ताच झोपलीय."

मी हळू आवाजात पुन्हा विचारलं.

तिने फोन ठेवला होता.