रोझेटा ग्रीशम यांचे वारस

"ताई, एकच सांग. हे घर तुला एकटीला गिळायचंय का?"

लॅमरनं हे विचारलं तेव्हा ओझेलाच्या हातात कॉर्नब्रेडचा गरम तवा होता, आणि तो तिनं आधी टेबलावर ठेवला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बादली ठेवली होती. तिच्यात छतातून टप्... टप्... पाणी पडत होतं. सप्टेंबरच्या वादळात परसातलं जुनं पेकानचं झाड घरावर आडवं झालं, तेव्हापासून छतावर निळी ताडपत्री होती आणि ताडपत्रीखाली ओझेला होती.

"जेवून घे आधी," ती म्हणाली.

"जेवण नकोय मला! आईला जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या नावावरचं घर अजून तिच्याच नावावर आहे. सरकार छताला मदत द्यायला तयार आहे, पण म्हणतं, घर जिवंत माणसाच्या नावावर दाखवा. प्रोबेट कोर्टात वारस म्हणून एक अर्ज करायचा होता, ताई. एक अर्ज! मी अटलांटाहून दर वेळी फोनवर विचारतो आणि तू म्हणतेस, करते, करते..."

"घराचा कर भरतेय ना मी? मग घर आपलंच आहे."

"या काउंटीत सगळे हेच म्हणतात, आणि मग एक दिवस कुणीतरी कागद घेऊन दारात उभं राहतं!" लॅमर उठला. त्याची हनुवटी थरथरत होती. लहानपणी रडू आवरताना थरथरायची, तशीच. "तू आईचं सगळं केलंस, मला मान्य आहे. लग्न केलं नाहीस, गाव सोडलं नाहीस. पण त्याची किंमत म्हणून मला बाहेर ठेवणार असशील, तर तोंडावर सांग. उद्या मी स्वतः कोर्टात जाऊन बघणार आहे, तू तिथं काय करून ठेवलंयस ते."

काय करून ठेवलंय! ओझेला घेवड्याच्या भांड्याकडे बघत राहिली. काहीच करून ठेवलं नव्हतं, तिचा अपराध तेवढाच होता. ती तीनदा त्या कोर्टाच्या खिडकीशी गेली होती आणि तीनदा कोरा अर्ज पर्समध्ये घालून परत आली होती. अर्जातल्या एका ओळीपाशी तिचा हात थांबायचा. मयताची सर्व अपत्ये लिहा, आणि ती खरी असल्याची शपथ घ्या...

"मीही येते," ती म्हणाली.

लॅम्किन काउंटीचं कोर्ट म्हणजे पोलादी खांबांची एक बुटकी इमारत. तिच्या मागच्या खोलीत मेलेल्यांच्या नोंदींची पुस्तकं उभी रचलेली, एकेक पुस्तक दोन हातांनी उचलावं लागेल एवढं जड. डेनिटा नावाची कारकून तिथं होती. ओझेलानं तिला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं.

"अय्या, मिस ओझेला! आणि लॅमर? केस केवढे पांढरे झाले रे तुझे!"

"वय होतं माणसाचं," लॅमर कोरडेपणानं म्हणाला. "रोझेटा ग्रीशमची फाइल हवी आहे."

डेनिटानं संगणकावर पाहिलं, मग शोधसूचीत पाहिलं. "या नावानं काहीच नाही. माणूस गेल्यावर कुणीतरी अर्ज केल्याशिवाय इथं फाइल उघडत नाही. कोर्ट आपणहून कुणाच्या दारी जात नाही."

लॅमरनं बहिणीकडे पाहिलं. चोरी सापडावी म्हणून आलेल्या माणसाला चोरीच सापडली नाही, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ येतो तो त्याच्या चेहऱ्यावर होता. ओझेला भिंतीलगतच्या बाकावर बसली. गुडघे दुखत होते. वाटलं, सुटलो... आता घरी जाऊ.

"घर मुळात वडिलांचं होतं का?" डेनिटानं विचारलं. "मग त्यांची फाइल बघा ना. घर आईच्या नावावर कसं आलं ते तिथं असेल. नव्या अर्जाला तीच लागेल."

"राहू दे, डेनिटा," ओझेला एकदम म्हणाली. "फार जुनं आहे ते. उगाच कशाला धूळ..."

"मला त्रास नाही हो! हेच तर माझं काम."

"राहू दे म्हटलं ना!"

आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडची टंकलेखिका थांबली. लॅमरच्या कपाळावर आठी पडली. "बघितलंस?" तो डेनिटाला म्हणाला. "काढ ती फाइल."

ओझेलाला ती फाइल बघायची गरज नव्हती. ती लिहिली गेली तेव्हा ती याच खोलीत, याच बाकावर बसली होती. तिचे वडील, चर्चचे डीकन, मार्च महिन्यात गेले होते. पाच वर्षांचा लॅमर तिच्या मांडीवर झोपला होता. तेव्हाच्या कारकुनानं आईला विचारलं, "मयताची अपत्यं किती?" आईनं बायबलवर ठेवलेल्या स्वतःच्या हाताकडे पाहिलं. साऱ्या गावाला, साऱ्या चर्चला आई वर्षानुवर्षं सांगत आली होती की देवानं तिला उतारवयात एक मुलगा दिला. पण गावाशी बोलताना तिचा हात बायबलवर नव्हता! मग ती इतक्या हळू बोलली की कारकुनाला पुन्हा विचारावं लागलं. "एक. मुलगी, ओझेला."

बाहेर आल्यावर आई म्हणाली होती, "दाईनं याच्या जन्मदाखल्यावर माझं नाव लिहिलं, ते तिचं ती बघेल. पण बायबलवर हात माझा होता. ही पुस्तकं कोण उघडतंय? तू मात्र त्याला कधी सांगायचं नाहीस. शप्पथ घे माझी."

आणि ओझेलानं घेतली होती.

कागदाची पानं उलटल्याचा आवाज आला... मग थांबला.

"वारस," लॅमर वाचत होता. "विधवा पत्नी, रोझेटा. मुलगी, ओझेला, वय एकवीस. इतर अपत्ये... नाहीत." त्यानं पान उलटून मागची बाजू पाहिली, जणू तिथं तरी कुणी त्याला लिहिलं असेल. "डेनिटा, हे चुकलंय. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो."

डेनिटानं वाकून पाहिलं. ती हुशार होती. तिनं एकदा पानाकडे पाहिलं, एकदा बाकाकडे, आणि मग दुसऱ्या कपाटाकडे निघून गेली.

"म्हणजे तेव्हापासून!" लॅमर बाकासमोर येऊन उभा राहिला. "वडिलांची माती ओली होती आणि तुम्ही दोघींनी मला बाहेर काढलंत! पाच वर्षांच्या पोराला! घरासाठी? त्या गळक्या घरासाठी, ताई?"

"बाहेर चल, लॅमर."

"का? इथं काय लाज वाटते?"

"हो," ती म्हणाली. "वाटते. बाहेर चल."

गाडीत दोघं बसली. त्यानं किल्ली फिरवली नाही. समोरच्या मैदानात कुणीतरी शेंगदाणे उकडत होतं आणि मिठाच्या वाफेचा वास काचेच्या फटीतून आत येत होता. आपण आता खूप थकलो आहोत, एवढंच ओझेलाला कळत होतं. इतकी वर्षं दार दाबून उभ्या असलेल्या माणसाचे हात गळून जावेत, तसं तिला झालं होतं.

"आईनं तुला बाहेर काढलं नाही," ती म्हणाली. "तिनं खोटी शपथ घेतली नाही, एवढंच."

"म्हणजे मी तिचा नाही?"

"नाही."

"मग मला कुठून आणलं? कुणाचा आहे मी?" आवाज चिरकला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्याचे केस पिकलेले, आणि प्रश्न मात्र हरवलेल्या पोरासारखा...

ओझेला त्याच्याकडे वळली. पहिल्यांदाच तिनं चेहरा सावरला नाही. जे इतकी वर्षं तिनं प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक नाताळला, प्रत्येक निरोपाच्या वेळी गिळलं होतं, ते तिनं तोंडावर येऊ दिलं.

लॅमरनं ते वाचलं. फाइलपेक्षा लवकर वाचलं.

"नाही..." तो म्हणाला.

"सोळा वर्षांची होते मी. वडिलांनी मला सव्हानाला आत्याकडे पाठवलं. परत आले तेव्हा तू आईच्या कडेवर होतास. मी गाडीतून उतरले तर लोक आईचं अभिनंदन करत होते, आणि मला सांगितलं गेलं, भावाला जपून घे हं, मान सांभाळ..."

"आणि बाप?"

"शेंगांच्या गिरणीत कामाला होता. तो मला न सांगताच गाव सोडून गेला. त्याला तू ठाऊकही नाहीस."

लॅमरनं स्टीअरिंग घट्ट धरलं होतं. "तुला सांगता आलं असतं. आई गेल्यावर तरी."

"तिला शब्द दिला होता."

"मग अर्जावर माझं नाव भाऊ म्हणून टाकायचंस! दाखला तर तसाच आहे. कुणाला कळलं असतं? घर वाचलं असतं, छत झालं असतं, आणि मी तुला चोर म्हटलं नसतं!"

"तेच करायला गेले होते. तीनदा." तिचा आवाज आता अगदी सपाट झाला होता. "गप्प राहणं मला जमतं, लॅमर. आयुष्यभर जमलं. पण तिथं हात वर करून, देवाला साक्षी ठेवून म्हणायचं होतं, हा माझा भाऊ आहे... म्हणजे हा माझा मुलगा नाही. ते नाही जमलं रे! खरं सांगितलं असतं तर तू गेला असतास. खोटं सांगितलं असतं तर मीच तुला टाकलं असतं. मग म्हटलं, गळू दे छत."

तिला वाटलं, तो आता काहीतरी म्हणेल. त्यानं किल्ली फिरवली. घरापाशी तिला सोडलं, दार उघडून हात देऊन उतरवलं आणि तिच्याकडे न बघता अटलांटाला निघून गेला.

फोन आला नाही. ओझेला बादल्या रिकाम्या करत राहिली. रविवारी चर्चमध्ये नेहमीच्या बाकावर बसली, गाणी म्हटली, कुणी विचारलं तर "बरा आहे तो" म्हणाली. रडू आलं नाही. त्यालाही अंगात त्राण लागतं. मग एका सकाळी तिनं पर्समधला तो दुमडलेला अर्ज काढला आणि शाईच्या पेननं, सुवाच्य अक्षरात, सगळ्या ओळी भरल्या. आता कुणापासून काही लपवायचं उरलं नव्हतं. लॅमरला निरोप ठेवला. सोमवारी कोर्टात जातेय, घर माझ्या नावावर झालं की अर्धं तुझ्या नावावर करीन.

त्याचंही उत्तर आलं नाही.

सोमवारी खिडकीशी रांग होती. ओझेलाच्या मागं नेमकी अर्लीन उभी, चर्चच्या गायनमंडळाची प्रमुख, जमिनीच्या कुठल्याशा कामासाठी आलेली. लॅम्किन काउंटीत जे अर्लीनला कळतं ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं.

"अखेर आलीस म्हणायची!" अर्लीन म्हणाली. "मी म्हटलं, छताला पाझर फुटून तू वाहून जाणार बहुतेक."

"जाईन तेव्हा तुला सांगून जाईन."

डेनिटानं अर्ज वाचला. तिनं एकदा मागं अर्लीनकडे पाहिलं आणि आवाज शक्य तेवढा खाली आणला. "मिस ओझेला, आत येऊन बसता का? तिथं शपथ घेऊ."

ओझेलाला क्षणभर मोह झाला. मग ती म्हणाली, "नको. रांग माझी आहे. इथंच घे."

"उजवा हात वर करा. या अर्जातली माहिती खरी आणि पूर्ण असल्याची शपथ घेता?"

"घेते."

"मयत रोझेटा ग्रीशम यांची अपत्यं?"

"एक. मी."

"इतर?"

"नाहीत."

मागून अर्लीनचा आवाज आला, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असा. "अगं बये, वेंधळी झालीस का? लॅमर विसरलीस! घर मिळालं की सख्खा भाऊ आठवत नाही होय?"

ओझेलाचा हात वरच होता. तिला वळून बघायचं होतं, पण मान वळेना. आता काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तिच्याजवळ बोलण्यासारखं फक्त खरं उरलं होतं, ते मात्र तिच्या एकटीचं नव्हतं...

"विसरली नाही ती, मिस अर्लीन."

दारात लॅमर उभा होता. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसासारखा. तो रांग ओलांडून पुढं आला आणि ओझेलाच्या शेजारी उभा राहिला. त्याचा श्वास जड येत होता.

"रोझेटा माझी आजी," तो म्हणाला. प्रत्येक शब्द वेगळा, जड वस्तू खाली ठेवावी तसा. "ही माझी आई. लिहून घ्यायचं असेल तर लिहून घे, डेनिटा. मीही शपथ घेतो."

अर्लीनचं तोंड उघडं राहिलं. तिनं लॅमरकडे पाहिलं, ओझेलाकडे पाहिलं, पुन्हा लॅमरकडे पाहिलं. बऱ्याच वेळानं ती पुटपुटली, "तरीच... ही हनुवटी तिचीच!" आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा ती पुढं काही बोलली नाही.

डेनिटाचे डोळे भरले होते, पण तिनं शिक्का नीट मारला, चौकटीच्या आत. "तुझी शपथ इथं लागत नाही, लॅमर. अर्ज पूर्ण आहे." मग हळूच म्हणाली, "मिस ओझेला, झालं. हात खाली घ्या आता."

ओझेलाला ते ऐकू आलं, पण हात खाली घ्यायचं सुचेना. तो तसाच वर होता.

लॅमरनं तो आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सावकाश खाली आणला.

"चल," तो म्हणाला. "छतावर चढायला शिडी आणलीय मी."