रेसची वायर

रविवारी सकाळी चेन्नईत, मैलापूरच्या कच्चेरी रोडवर रेवा उभ्याउभ्या कॉफी पीत होती, आणि समोर एक फिकट हिरवी, पन्नासेक वर्षांची जुनी स्कूटर जागच्या जागी किंचाळू लागली. चालवणारा तरुण क्लच घट्ट दाबून बसला होता. मूठ पिळून पिळून थकला, पण रेस अडकली ती अडकलीच. क्लच सुटला असता, तर स्कूटर थेट पुढ्यात बसलेल्या फुलवालीच्या टोपलीत!

कारखान्यात रेवा रोज इंजिनंच तपासायची. तिला राहवलं नाही. घाईत तमिळ सुचेना, इंग्रजी सुचेना... कराडच्या खणखणीत मराठीत ती ओरडली, "चौथा गिअर टाका! ब्रेक दाबून धरा... आता सोडा क्लच!"

त्यानं अगदी तस्संच केलं. एक गचका – इंजिन बंद पडलं आणि सगळं शांत.

"तुम्हाला... मराठी कळतं?"

"कळते की! आम्ही तंजावरकडले मराठी." घाम पुसत तो हसला. "मी विश्वजित. शाळेत भूगोल शिकवितो. आपण मजला वाचविले."

'मजला' ऐकून रेवाला हसू आवरेना. त्याचे कान लाल झाले.

स्कूटर त्याच्या वडिलांची. ते गेल्यावर तीन मेकॅनिकांनी कार्बोरेटर उघडून पाहिला, पण गुण येईना. कंटाळून तो ती विकायला निघाला होता.

रेवानं हँडल सरळ धरून मूठ फिरवली – फिरली. हँडल डावीकडे वळवून फिरवली – अडकली. "इंजिन ठणठणीत आहे हो! रेसच्या वायरीच्या दोन तारा तुटून आत रुततायत. विकू नका."

त्यानं धावत जाऊन नवी वायर आणली. दोघं फूटपाथवर बसली; एक टोक तिच्या बोटांत, एक त्याच्या. तिनं ओढलं की त्याचा हात पुढे यायचा... आणि दोघंही भलतीकडे पाहायची. बोलता बोलता ती म्हणाली, "मला पुण्याला बदली मिळतेय. दहा दिवसांत कळवायचंय." त्याच्या हातून नट गटारात पडला.

पुढच्या रविवारी तो त्याच दुकानासमोर हजर. "पुन्हा अडकली."

रेवानं इंजिनाला हात लावला. थंडगार! आणि हा मात्र घामानं निथळलेला.

"ढकलत आणलीत?"

"आमा... म्हणजे, होय."

तिनं हँडल उघडलं. आत तीच जुनी, तुटक्या तारांची वायर. नट मात्र तिच्याहून नीट आवळलेला.

"हे कुणी केलं?"

"मी." त्यानं खिशातून नवी वायर काढली. "रात्री झोप येईना. स्कूटर बरी झाली, तर आपण पुन्हा कशाला याल? पुण्याला जाण्यापूर्वी एक रविवार तरी... मजला आपण फार आवडता. ढकलत आणिली, चालविली नाही. शपथ."

रेवानं ग्रीसनं माखलेलं बोट त्याच्या नाकाला लावलं.

"पुण्याला 'नाही' म्हणून कळवलंय मी. शुक्रवारीच."

"शुक्रवारी? मग मजकडून इतके सारे का वदविले?"

"तू कसं सांगतोस, ते ऐकायचं होतं," ती म्हणाली. "आता धर ते टोक. वायर बसली की समुद्रावर जाऊ... आणि चालवणार मी!"