कोरा आवाज बंद, घुमारा चालू

बसा. आणि तो मोबाईल उलटा ठेव रे, मध्येच उजेड पडला की माझं डोकं फिरतं. ही इकडून-तिकडून आलेली गोष्ट नाही. जिच्यावर गुदरली तिनं स्वतः सांगितलेली, तुमच्या काकूच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीनं. आपण तिला वहिनीच म्हणू.

वहिनीचा नवरा आणि धाकटा दीर, दोघांचा मिळून रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. थोरल्याचा सगळा जीव एका जुन्या पेटीत. डिजिटल रिव्हर्ब म्हणतात तिला, म्हणजे आवाजाला घुमारा देणारं यंत्र. कोठीएवढ्या खोलीत गायलेलं गाणं त्यातून असं निघायचं, की जणू मोठ्या रिकाम्या दालनात गायलंय. आता हे काम कॉम्प्युटर करतो, पण शौकीन लोक त्या जुन्या पेट्यांसाठी अजून जीव टाकतात. जेवताना घास हातात धरून थोरला वहिनीला तिचंच पुराण ऐकवायचा. माइकवरचा आवाज म्हणे दोन वाटांनी जातो. एक कोरा, दुसरा पेटीतून. टेबलावरची कोऱ्याची सरकती दांडी खाली ओढली तरी पेटीची वाट उघडीच. मग माणूस ऐकू येत नाही, नुसता त्याचा घुमारा येतो. बिचारीला झोपेतसुद्धा पाठ झालं होतं ते.

थोरल्याला दमा होता. गेल्या वर्षी माइकच्या बंद खोलीत एकटा असताना त्याला धाप लागली आणि तो तिथंच गेला. पंप बाहेर टेबलावर, आणि धाकटाही मधल्या काचेच्या अलीकडे, त्याच टेबलाशी. "माझी पाठ होती वहिनी. कोरा आवाज बंद होता, पेटीही बंद होती, मला कळलंच नाही," म्हणून तो ओक्साबोक्शी रडला. भावाभावांत त्या आठवड्यात कुरबुर चालली होती. थोरल्याला स्टुडिओ बंद करायचा होता, धाकट्याला वाढवायचा होता. पण ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही. उलट वहिनीनंच त्याची समजूत घातली, दोन वेळचं जेवायला घातलं आणि स्टुडिओ त्याच्या हवाली केला.

तर फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा. परगावचा एक रेकॉर्डिस्ट सकाळी पेटी विकत न्यायला येणार होता, म्हणून ती बांधून ठेवायला धाकटा निघाला.

"मीही येते भाऊजी," वहिनी म्हणाली. "ह्यांची पेटी आहे. जाण्याआधी एकदा ऐकू द्या."

"कशाला उगाच दगदग? झोपा की."

"झोप कुणाला येतेय."

नाही म्हणायला तोंड नव्हतं त्याला. स्टुडिओत जाऊन त्यानं पेटी लावली, वहिनीला टेबलाशी थोरल्याच्या खुर्चीत बसवलं. "मी आत दोन शब्द बोलतो, तुम्ही ऐका, मग गाशा गुंडाळू." आत गेला. जाड दार मागं आपोआप मिटलं. कानाला हेडफोन लावून तो काचेपलीकडं उभा राहिला.

"हॅलो, हॅलो..." स्पीकरमधून आवाज भरून आला. वहिनीचे डोळे पाणावले.

तेवढ्यात टेबलावरची कोऱ्या आवाजाची दांडी खाली यायला लागली. हळूहळू. कुणाचा हात नव्हता तिच्यावर.

आत त्याचे ओठ हलत होते. आवाज बंद. नुसता घुमारा येत होता...

त्याचा नव्हता तो.

"...छोट्या..."

त्याला या नावानं एकच माणूस हाक मारायचा.

"...छोट्या... पंप दे..."

वहिनीचे हात मांडीवर होते तसेच राहिले. आत धाकट्याचा चेहरा पांढराफटक. त्यानं हेडफोन ओरबाडून काढला. दाराशी धावला. दार उघडेना.

"...बघतोयस ना माझ्याकडं... मग घुमाऱ्याचं बटण कशाला कमी करतोस रे..."

मग... काही नाही.

वहिनीला लख्ख कळलं. पेटी चालू होती त्या दिवशी. यानं हाक ऐकली होती. काचेतून बघत, बसल्या जागेवरून भावाचा आवाज हातानं बारीक केला होता.

तो काचेवर मुठी आपटत होता. आवाज नाही. त्या खोल्या बांधतातच तशा. मग स्पीकरमधून, लांबून, त्याचा घुमारा आला.

"...वहिनी... दार उघडा..."

"मग तुम्ही काय केलंत?" तुमच्या काकूनं आणि मी तिला विचारलं.

"बसले," ती म्हणाली.

किती वेळ, ते तिनं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. नंतर कधीतरी ती उठली आणि दाराला एक बोट लावलं. दार उघडलं. कडी नव्हतीच त्याला.

पेटी सकाळी गेली. तिकडं ठणठणीत चालतेय. धाकटाही आहे, धडधाकट आहे. डॉक्टरांनी घसा तपासला, काही दोष नाही म्हणाले. पण तो बोलतो तेव्हा नुसते ओठ हलतात. ओठ मिटले... की मग आवाज येतो. रिकाम्या दालनाच्या पार टोकावरून यावा तसा. मी या कानांनी ऐकलाय, म्हणून सांगतोय.

रोज संध्याकाळी तो वहिनीच्या उंबऱ्याशी उभा राहतो. माफी मागतो, हाका मारतो. वहिनी समोरच बसलेली असते. तिला ऐकू येतं, बरं का. शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकते.

जागची हलत नाही.